मान्यताप्राप्त कामगार संघटना (महाराष्ट्र)

आस्थापनेतील सर्व कामगारांच्या वतीने मालकाशी वाटाघाटी करण्याचा अधिकार औद्योगिक न्यायालयाच्या प्रमाणपत्राने मिळालेली संघटना. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखालील नोंदणीने संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळे; मालकाला तिच्याशी बोलणे मात्र बंधनकारक होत नसे. मान्यतेची तरतूद १९७१ च्या राज्य अधिनियमात असून तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. मान्यतेचे प्रकरण ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते.

सभासदत्व व दप्तर : अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात. किमान वर्गणी दरमहा ५० पैसे. सहा महिन्यांत तीनहून अधिक महिन्यांची वर्गणी थकलेला कामगार, मोर्चात पुढे असला तरी, सभासद धरला जात नाही. त्यामुळे पगाराच्या दिवशी पावत्या फाडणे, स्थळप्रती जपणे आणि नोंदवही हजेरीपटाशी ताडून पाहणे हा संघटनेच्या कामाचा कणा ठरतो. प्रतिस्पर्धी संघटनेने दावा लावला की तपासणी अधिकाऱ्यापुढे हेच दप्तर उघडते. कार्यकारिणीची बैठक दर तीन महिन्यांच्या आत घेणे व ठराव इतिवृत्तात नोंदवणे बंधनकारक आहे.

अधिकार : पगाराच्या जागी वर्गणी गोळा करणे, आवारात सूचनाफलक लावणे, कामात व्यत्यय न आणता सभासदांशी चर्चा करणे, खातेनिहाय चौकशीत कामगाराची बाजू मांडणे. अमान्य संघटनेला मुख्यतः बडतर्फी, कपात, निलंबन यांसारख्या वैयक्तिक तक्रारींपुरताच वाव राहतो.

संप : १४ दिवसांची नोटीस आवश्यक. मान्यताप्राप्त संघटना असल्यास नोटिशीआधी तिच्या सभासदांचे बहुमत मतदानाने घ्यावे लागते. एरवी संप बेकायदा ठरू शकतो.

अनुचित प्रथा : याच अधिनियमाखाली अनुचित कामगार प्रथेविरुद्धच्या तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवस.

कापडगिरण्या : येथे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम लागू होता व ‘प्रातिनिधिक संघटना’ हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात बहुसंख्य गिरणी कामगार कामगार-नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले, तरी वाटाघाटींचा कायदेशीर अधिकार संघाकडेच राहिला. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, असे सांगितले जाते. त्याच्या अपयशात प्रातिनिधिक संघटनेच्या तरतुदीचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत.