लष्कर ते फुलबाग : १८५८ च्या वाटेवरून

गेली काही वर्षे गणेशोत्सवाच्या आधीच्या एखाद्या रविवारी आम्ही मंडळातली दहा-पंधरा माणसे सकाळी लवकर महाराज बाड्यावर जमतो आणि १८५८ च्या ग्वाल्हेरच्या खुणा पाहत हिंडतो. बरोबर घरची मुलेही असतात. एरवी भाजी, कापड नाहीतर मोदकाचे साचे आणायला जातो तेच हे रस्ते.

सुरुवात नावापासूनच होते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ दिला, आणि तळाचे शहर झाले तरी नाव ‘लष्कर’च राहिले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच तळाबरोबर इथे आले.

बाड्यावरून आम्ही सराफ्यात जातो. राज्याचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी बंडवाल्या फौजेसाठी खजिना खुला केला. त्यासाठी इंग्रजांनी त्यांना इथेच फाशी दिले. दुकाने उघडण्याच्या वेळी त्यांच्या स्मारकापुढे उभे राहिले की गजबजाटातही माणसे गप्प होतात.

तिथून टेंपोने फुलबाग. अश्वारूढ पुतळा आणि समाधी सगळ्यांनी पाहिलेली असते. दिवसांचा क्रम मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंदे तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्यावर चालून गेले. पण त्यांची बहुतेक फौज समोरच्यांना जाऊन मिळाली. महाराजांचे खास अंगरक्षक तेवढे लढले. महाराज आग्र्याला गेले आणि शहर पेशव्यांच्या हाती आले. १६ जूनला सर ह्यू रोजने मुरार घेतले. दुसऱ्या दिवशी कोटा की सराय येथे लढाई झाली. इंग्रजांच्या कागदांत राणीच्या मृत्यूची तारीख १७ जून आहे, बलिदान दिन मात्र आपण १८ जूनला पाळतो. २० जूनला किल्लाही पडला.

जवळच गंगादासांची बडी शाळा आहे. राणीच्या देहाला इंग्रजांचा हात लागू नये म्हणून इथल्या साधूंनी शस्त्र धरले, अशी या मठाची परंपरा सांगते.

गेल्या वर्षी समाधीपाशी एका मुलाने विचारले, “मग आपण कोणाच्या बाजूने होतो?”

आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागलो. राणी मूळची तांबे, तात्या आणि रावसाहेब बिठूरच्या पेशव्यांकडचे. समोर जयाजीराव, आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे. दोन्हीकडे मराठीच बोलले जात होते. आपण घरी राणीची गोष्ट अभिमानाने सांगतो. ज्यांच्या आश्रयाने आपली घरे उभी राहिली त्या दरबाराचा विषय निघाला की आवाज खाली येतो.

त्या मुलाला आम्ही शेवटी खरे तेच सांगितले : “बाळा, दोन्ही बाजूंनी.” मग पुढचेही सांगितले. १८६१ साली इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना दिले. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र स्वतःकडेच ठेवला. १८८६ साली तो परत केला, तोही झाशी काढून घेऊन. जिच्यासाठी राणीने प्राण दिले ती झाशी, आणि आपल्या डोक्यावरचा हा किल्ला, दोन्हींची अदलाबदल तिसऱ्यानेच केली. मुलगा बराच वेळ किल्ल्याकडे पाहत राहिला.

त्या दिवसापासून आम्ही ठरवले आहे की या फेरीत कोणाला देव करायचे नाही आणि कोणाला गद्दारही म्हणायचे नाही. जे घडले ते जिथे घडले तिथे उभे राहून, मुलांना कळेल अशा मराठीत सांगायचे. घरांतून मराठी कमी होत चालली आहे. ही गोष्ट आपण सांगितली नाही, तर तिची आपल्या घरची बाजू कोणी सांगणार नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी पुन्हा निघणार आहोत. आजी-आजोबांकडून ऐकलेले काही असेल तर तेही घेऊन या.