मुरलेल्या तंत्रज्ञानाचा विजय : गेम बॉयचा इतिहास

१/ २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये करड्या रंगाचे, विटेसारखे दिसणारे एक यंत्र विक्रीस आले. पडदा हिरवट, रंगांचा पत्ता नाही, अंधारात काहीही दिसत नसे. त्याच वर्षी अमेरिकेत त्याचा प्रतिस्पर्धी रंगीत, उजळ पडदा घेऊन अवतरला. तरीही बाजी मारली ती करड्या विटेने. हे कसे घडले, याचा हा थ्रेड. #इतिहास

२/ निन्टेंडो ही कंपनी मूळची क्योतोची. स्थापना १८८९ ची, व्यवसाय ‘हानाफुदा’ नावाचे जपानी पत्ते बनवण्याचा. १९६५ साली तेथे गुनपेई योकोई हा तरुण यंत्रांच्या देखभालीसाठी रुजू झाला. रिकाम्या वेळेत त्याने लांब होणारा एक चिमटा बनवला. तो अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस पडला. कानउघाडणीऐवजी आज्ञा मिळाली : याचे खेळणे बनवावे.

३/ १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते खेळणे बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. देखभालीचा तंत्रज्ञ खेळण्यांचा रचनाकार झाला. निन्टेंडोच्या पुढच्या वाटचालीचे बीज या चिमट्यात आहे.

४/ १९७० च्या दशकात शार्प आणि कॅसिओ यांच्यात खिशातल्या कॅल्क्युलेटरवरून तीव्र स्पर्धा पेटली. परिणामी एलसीडी पडदे आणि चिप स्वस्त झाल्या. बुलेट ट्रेनमध्ये एक प्रवासी वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला योकोई यांनी पाहिला आणि त्यावरून कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

५/ त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आले : एक खेळ आणि सोबत घड्याळ. या मालिकेची चार कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. तिच्यातील १९८२ च्या ‘डाँकी काँग’मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण आले. त्याचा वारसा आजच्या गेम कंट्रोलरवरही दिसतो.

६/ योकोई यांच्या विचारसूत्राचे इंग्रजीत भाषांतर करताना ‘कोमेजलेले तंत्रज्ञान’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. तो दिशाभूल करणारा आहे. मूळ जपानी शब्द ‘कारेता’ अभियंत्यांच्या बोलीत पारखून सिद्ध झालेल्या तंत्राला लावतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : मुरलेले. मुरलेल्या तंत्रज्ञानाचा अनपेक्षित जागी उपयोग करणे, हे ते सूत्र.

७/ मात्र गेम बॉय ही एकट्या योकोई यांची निर्मिती नव्हे. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी अधिक सक्षम, खेळ बदलता येणाऱ्या यंत्राचा आग्रह धरला होता. खेळाची वेगळी डबी, म्हणजे आपल्याकडे जिला ‘कॅसेट’ म्हणत, हे या यंत्राचे बळ ठरले. एकाच प्रतिभावंताच्या कथा सांगायला सोप्या असतात. इतिहास बहुधा चमूचा असतो.

८/ आता तुलना पाहू. गेम बॉय : चार छटा, चार पेन्सिल सेल, सुमारे १५ तास खेळ, अमेरिकेतील किंमत सुमारे ९० डॉलर. अटारी लिंक्स : रंगीत पडदा, सहा सेल, चार-पाच तास, किंमत सुमारे १८० डॉलर. १९९० साली आलेला सेगाचा गेम गिअरही रंगीत होता आणि तोही सहा सेल काही तासांत संपवत असे.

९/ केवळ सेलने हा सामना जिंकला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. निन्टेंडोचे वितरणाचे जाळे आणि खेळांचा साठा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. तरीही सेलचा मुद्दा गौण नाही. हातात घेऊन फिरायचे यंत्र सतत भिंतीतल्या प्लगला बांधून ठेवावे लागले, तर त्याचे प्रयोजनच संपते. नवा फोन घेताना मेगापिक्सेल मोजणारे आणि दुपारी पॉवर बँक शोधणारे लोक हे जाणतात.

१०/ अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ दिला गेला. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ च्या सुमारास तो रचला. त्यांच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. ठोकळे चौकटी कंसांनी दाखवावे लागले. साधनांचा तुटवडा येथेही आडवा आला नाही.

११/ १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स मॉस्कोला गेले आणि सोव्हिएत सरकारी संस्थेकडून हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवले. मुलगे हवे असतील तर ‘मारिओ’ द्या, सगळे हवे असतील तर ‘टेट्रिस’ द्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रौढ माणसेही या यंत्राला खिळली ती यामुळेच.

१२/ या यशाची दुसरी बाजू कटू आहे. हक्क सरकारकडे असल्यामुळे पाजित्नोव्ह यांना वर्षानुवर्षे मानधन मिळाले नाही. रॉजर्स यांच्यासह कंपनी स्थापन झाल्यावर, १९९६ साली, हे चित्र पालटले. जगभर लोक ठोकळे रचत होते आणि रचनाकार रिकाम्या हातांनी उभा होता.

१३/ १९९३ साली अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन ‘मीर’ स्थानकावर गेले. मॉस्कोत जन्मलेला खेळ जपानी यंत्रातून रशियन स्थानकावर पोहोचला. तोवर सोव्हिएत संघ मात्र नकाशावरून पुसला गेला होता.

१४/ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी सातोशी ताजिरी यांचा ‘पोकेमॉन’ आला. यंत्र तेव्हा सात वर्षांचे, म्हणजे जवळजवळ म्हातारे. ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता. दोन गेम बॉय जोडणाऱ्या वायरीत त्यांना प्राण्यांच्या देवाणघेवाणीची वाट दिसली. जुन्या सुविधेचा नवा अर्थ लावणे ते हेच.

१५/ महाराष्ट्रातील बहुतेक मुलांच्या हाती खरा गेम बॉय आला नाही. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळे तो ‘९९९९ इन १’ लिहिलेला चिनी ब्रिक गेम. ठरावीक काळ्या चौकोनांचा पडदा आणि आत प्रामुख्याने टेट्रिसची नक्कल. पाजित्नोव्ह हे नाव त्या मुलांना ठाऊकच नव्हते. ‘नक्कल’ म्हणून त्याला हिणवणे सोपे आहे. परंतु खेळ सामान्य घरांत पोहोचला तो याच मार्गाने.

१६/ योकोई यांचा शेवट चटका लावणारा आहे. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ सपशेल आपटला. १९९६ साली त्यांनी निन्टेंडो सोडली आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचा सहभाग असलेले ‘वंडरस्वान’ १९९९ साली आले. ते एकाच पेन्सिल सेलवर चाले.

१७/ गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे विकली गेली. ‘जुने ते सोने’ असा याचा अर्थ नव्हे. मुरलेले तंत्र चुकीच्या जागी लावले तर तेही फसते. पण एखादे यंत्र किती नवे आहे, यापेक्षा ते कोणाला परवडते आणि किती वेळ चालते, हे प्रश्न इतिहासाने आधी विचारले पाहिजेत. घरातल्या एखाद्या खणात जुना ब्रिक गेम असेल, तर त्यात सेल घालून पाहावेत. तो बहुधा अजूनही चालू होईल.

(समाप्त)