चाळ, कॅम्प आणि मेडिकल कॉलेज



इतिहासाचा विषय आहे, थोडा लांबेल. सांभाळून घ्या.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो विएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्याच महिन्यात सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला हा माणूस आधी कलकत्त्यात कॉलऱ्याची लस टोचत होता. मुंबईत त्याला जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज १८४५चं, भाऊ दाजी लाड तिथल्याच पहिल्या तुकडीतले. जागा म्हणजे काय, तर एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या भांडवलावर साधारण तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ला हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. टोचलेल्यांत आजारी पडणारे न टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाले.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकासारखी वाटते. पण त्याच काळात शहरात काय चाललं होतं? २९ ऑक्टोबर १८९६ला गिरणी कामगारांच्या हजारभर जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. 'तिथे नेलेला माणूस परत येत नाही' अशी समजूत पसरली होती. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. सरकारचा उपाय म्हणजे घरात शिरायचं, माणसाला उचलायचं, सामान जाळायचं. पुण्यात याच प्रकारातून पुढे २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडली गेली, ते आपल्याला माहीतच आहे. म्हणजे कॉलेजच्या व्हरांड्यात विज्ञान पुढे जात होतं, आणि चाळीत विश्वास तुटत होता. एकाच शहरात, एकाच वेळी.

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ, आणि इकडे दोहात.

एज्युकेशन सिटीतलं वाइल कॉर्नेल मेडिसिन-कतार हे कॉलेज २००१चं. २०१२ साली त्यांनी 'सहतक अव्वलन' म्हणजे 'तुमचं आरोग्य आधी' ही मोहीम सुरू केली. खाणं, चालणं, साखर, वजन याबद्दलचा सल्ला. सल्ला उत्तम, आणि आपल्यासारख्यांना लागू पडणारा. संध्याकाळी कॉर्निशवर चालायला आपल्याला वेळही असतो आणि बूटही असतात.

मग २०२० आलं. मार्चमध्ये इंडस्ट्रियल एरियाचे एक ते बत्तीस नंबरचे रस्ते बंद केले. आपण घरून काम करायला लागलो. त्या वर्षी या कॉलेजातल्या डॉ. लैथ अबू-रद्दाद यांच्या गटाने, सरकारी आरोग्य यंत्रणेबरोबर, एक साधा प्रश्न विचारला: करोना नक्की किती जणांना होऊन गेला? रक्तातल्या अँटीबॉडी मोजून त्याचं उत्तर काढलं. शहरातल्या बाकी लोकांत (म्हणजे तुम्ही-आम्ही) प्रमाण निघालं १३ टक्क्यांच्या आसपास. कामगारांच्या १० वस्त्यांमध्ये निघालं सरासरी ६६ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शहर एक, विषाणू एक, सरकारी सूचनाही त्याच. अंतर ठेवा, हात धुवा, वेगळ्या खोलीत राहा. पण वेगळी खोली असेल तर ना! खाटेवर खाट, सामायिक स्वयंपाकघर, सामायिक संडास, सकाळी एकाच बसमध्ये सगळे. तिथे 'अंतर ठेवा' हा सल्ला नुसता कागदावर राहतो. कामगार बहुतेक तरुण, म्हणून गंभीर आजारी पडलेले कमी, हे नशीब. पण नशिबाला व्यवस्था म्हणत नाहीत.

आमच्या प्रोजेक्टवर केबल टाकणारी मुलं बरवा अल बराहात राहतात. ही मुद्दाम कामगारांसाठी बांधलेली मोठी वसाहत आहे. नेपाळ, बंगाल, तेलंगणातली पोरं, आणि दोघे आपल्या रत्नागिरीकडचे. मी अधूनमधून जातो. रस्ते, दुकानं नीट आहेत. जुन्या कॅम्पांच्या मानाने खूपच बरं. एकदा त्या दोघांना हे १३ आणि ६६चे आकडे सांगितले. त्यातला एकजण शांतपणे म्हणाला, "दादा, आमचं रक्त घेऊन गेले ते आठवतंय. पुढे काय निघालं ते आजच कळलं."

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. भायखळ्याच्या कैद्यांनी दंड पुढे केला म्हणून हाफकिनला उत्तर मिळालं. इथल्या कामगारांनी पुढे केला म्हणून जगाला मिळालं. २०२१ साली याच गटाने लशीचा परिणाम काळानुसार कसा उतरतो हे कतारच्या नोंदींवरून दाखवलं आणि ते जगभर वाचलं गेलं. लसही त्या वर्षी कामगारांपर्यंत पोचली, तीही मोठ्या प्रमाणावर, हे मान्य करायलाच हवं. १८९७च्या मानाने ही मोठी सुधारणा. पण मोजणी ज्यांची झाली त्यांना उत्तर त्यांच्या भाषेत सांगणं, हे तेव्हाही मागे पडलं आणि आत्ताही.

आणि दुसरी गोष्ट. मेडिकल कॉलेज लस देतं, आकडे देतं, सल्ला देतं. खोली देत नाही. मुंबईत प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करावा लागला, कारण हवा आणि उजेड औषधाच्या बाटलीतून मिळत नाहीत. कतारमध्ये नियम आहे: खोलीत जास्तीत जास्त चार माणसं, प्रत्येकाला किमान सहा चौरस मीटर जागा. नियम पाळला जातो की नाही, हे कुठल्या तरी एक्सेल शीटमध्ये ठरतं. आपल्यातले बरेच जण प्रोजेक्ट मॅनेजर आहेत, ती शीट आपल्याच सहीसाठी येते. 'अकोमोडेशन' नावाची ओळ असते, आणि कॉस्ट कमी करायची म्हटलं की पहिली कात्री तिथेच लागते.

पुढच्या वेळी ती ओळ समोर आली की खाटा मोजा आणि खोल्यांच्या संख्येने भागा. चारपेक्षा जास्त उत्तर आलं तर सही करू नका. डॉक्टरांचं काम डॉक्टर करताहेत. हे काम आपलं आहे.

चू.भू.द्या.घ्या.

आपला,
एक दोहाकर