साथींतील शिधाखर्च

इ. स. १६६५ च्या उन्हाळ्यांत प्लेगमुळें केंब्रिज विद्यापीठ ओस पडूं लागलें. ट्रिनिटी कॉलेजांतील न्यूटन हा तरुण स्कॉलर आपल्या वूल्सथॉर्प गांवीं गेला. तेथें त्याच्या गणितविषयक व प्रकाशविषयक विचारांस बहर आला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचें श्रेय एकांतास देण्याचा प्रघात आहे. कॉलेजचें दप्तर आणखी एक साक्ष देतें. साथीमुळें गांवीं जाणाऱ्या फेलो व स्कॉलर मंडळींस पुढील एक महिना नेहमींच्या दरानें शिधाखर्च द्यावा, असा ठराव ७ ऑगस्ट १६६५ रोजीं झाला. त्या वर्षीं न्यूटनास ही रक्कम मिळाली नाहीं. तो आधींच निघून गेला असावा. इ. स. १६६६ सालीं मात्र ती त्यास मिळाल्याची नोंद आहे. एवढ्यानें न्यूटन घडला, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पाठशाळा बंद झाली तरी अभ्यासकाची भूक बंद होत नाहीं, हें तेथील चालकांनीं जाणलें होतें.

इ. स. २०२० सालीं हाच प्रसंग आपल्याकडे आला. विद्यापीठ अनुदान आयोगानें प्रबंध सादर करण्याची मुदत वाढविली. शिष्यवेतनाची मर्यादा मात्र पांच वर्षांचीच ठेविली. काळ वाढला, शिधा वाढला नाहीं. भावी संशोधकासाठीं हाही कागद जपून ठेवावा.