अर्थविषयक इंग्रजी शब्दसंपदेचे अध्ययन आणि महाराष्ट्रातील आर्थिक चिकित्सेची परंपरा (१८४१ – १९२५)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने साहित्य, समाजसुधारणा व वृत्तपत्रसृष्टी यांच्या अनुषंगाने झाला आहे. इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी शेक्सपिअर व मिल्टन वाचले, मिल व बर्क यांचे विचार आत्मसात केले आणि त्यातून प्रबोधनाची चळवळ आकारास आली, असे सर्वसाधारण प्रतिपादन केले जाते. ते चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्या इंग्रजीने या पिढ्यांचा संसार चालला ती इंग्रजी काव्याची नव्हती. ती वेतन, महसूल, कर्ज, व्याज, हुंडणावळ व अंदाजपत्रक यांची इंग्रजी होती.

प्रस्तुत लेखात या अर्थविषयक इंग्रजी शब्दसंपदेच्या व व्याकरणाच्या अध्ययनाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. राज्यकर्त्यांनी ही भाषा मुख्यत्वे कचेरीच्या कामासाठी शिकविली. तिच्या काही मराठी विद्यार्थ्यांनी मात्र तिचा उपयोग राज्यकर्त्यांकडेच हिशेब मागण्यासाठी केला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्याचबरोबर, या शिक्षणाचा खर्च कोणी सोसला आणि लाभ कोणास झाला, हा महात्मा फुले यांनी विचारलेला प्रश्न विचारात घेतल्याखेरीज या परंपरेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही, याकडेही लक्ष वेधले आहे.

सत्तांतर आणि हिशेबाचे शब्द

सत्ता बदलली की समाजाच्या हिशेबाचे शब्दही बदलतात, याची साक्ष मराठी भाषा देते. जमा, खर्च, वसूल, रक्कम, कर्ज, हिशेब हे आज अस्सल मराठी वाटणारे शब्द फारसी-अरबी राज्यव्यवहारातून आले. पगार आणि लिलाव हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्कातून आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करवून घेतला, त्यामागे राज्यकारभाराची परिभाषा आपली असावी ही जाणीव होती. पुढे इंग्रजी अमलात बँक, नोट, चेक, शेअर, पेन्शन, बजेट हे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. उलट दिशेनेही काही शब्द गेले. आपला 'सराफ' मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजीत 'श्रॉफ' झाला. लाख व कोटी यांनीही हिंदुस्थानी इंग्रजीत कायमचे स्थान मिळविले.

इंग्रजी शिक्षणाच्या धोरणाचा पायाच मुळी पैशाच्या युक्तिवादावर उभा होता. १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी दरवर्षी किमान एक लाख रुपये बाजूला काढण्याची तरतूद केली. ही रक्कम कोणत्या विद्येवर खर्च करावी, या वादात मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी आपले टिपण सादर केले. त्यातील एक युक्तिवाद निव्वळ बाजारपेठेचा होता : संस्कृत व अरबी शिकणाऱ्यांना सरकारला विद्यावेतन द्यावे लागते, इंग्रजी शिकणारे मात्र स्वतः पैसे मोजण्यास तयार असतात. पुढे १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाले. त्यामुळे इंग्रजी ही विद्येबरोबरच उदरनिर्वाहाचीही भाषा ठरली.

व्याकरणातील आर्थिक संबंध

मराठी विद्यार्थ्यापुढील अडचण केवळ नव्या शब्दांची नव्हती. पैशाविषयी बोलताना दोन्ही भाषांची रचनाच भिन्न आहे. मराठीत 'माझ्याजवळ पैसे आहेत' असे म्हणतात. पैसा माणसाच्या जवळ असतो, वाक्याचा कर्ता पैसाच असतो. इंग्रजीत 'आय हॅव मनी' या वाक्यात माणूस कर्ता होतो आणि पैसा त्याच्या मालकीचे कर्म बनतो. मराठीत 'उसने' हा एकच शब्द 'घेणे' व 'देणे' या क्रियापदांनी दोन्ही बाजू सांभाळतो. इंग्रजीत 'बॉरो' आणि 'लेंड' ही दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत व त्यांची गल्लत झाली तर धनको ऋणको ठरतो. मराठीत 'पैसे' मोजता येतात. इंग्रजीतील 'मनी' हे व्याकरणदृष्ट्या अगणनीय नाम आहे. मोजण्यासाठीच जी वस्तू निर्माण झाली तिचेच नाव मोजता येत नाही, हा नियम विद्यार्थ्यांस आजही चमत्कारिक वाटतो. 'इंटरेस्ट' या शब्दाचा एक अर्थ व्याज, दुसरा हितसंबंध आणि तिसरा रस. सावकारीच्या इतिहासाचा धडा या एका शब्दावरून देता येईल.

गणिताचीही भाषा दुहेरी होती. एक रुपया म्हणजे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग किंवा दोनशे चाळीस पेन्स. या दोन मापांमधील 'एक्स्चेंज' हा शब्द पुढे साऱ्या देशाच्या दारिद्र्याच्या चर्चेत केंद्रस्थानी येणार होता.

याहूनही महत्त्वाचा भेद प्रयोगाचा आहे. प्रशासकीय इंग्रजीचा ओढा कर्मणी प्रयोगाकडे असतो : कर बसविण्यात आला, रक्कम खर्ची पडली, तूट भरून काढण्यात आली. कोणी, कोणाच्या पैशातून, हे वाक्यात सांगावेच लागत नाही. आपल्या पारंपरिक वहीखात्यात मात्र जमेच्या समोर 'नावे' ही बाजू असते. रक्कम कोणाच्या तरी नावे टाकल्याशिवाय मेळ बसत नाही. पुढे ज्यांचा विचार केला आहे त्या लेखकांचे कार्य एका वाक्यात सांगावयाचे तर, इंग्रजी अंदाजपत्रकातील कर्मणी वाक्यांचा लोपलेला कर्ता त्यांनी शोधून काढला आणि खर्च ज्याच्या त्याच्या नावे टाकला.

पहिले हिशेबनीस

या परंपरेचा एक आरंभबिंदू १८४१ मध्ये सापडतो. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकलेले तरुण भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी त्या वर्षी 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी वृत्तपत्रात 'अ हिंदू' या टोपणनावाने पत्रे लिहिली आणि कंपनी सरकार हिंदुस्थानची संपत्ती शोषून नेत असल्याचा स्पष्ट आरोप केला. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे ते बंधू. डॉ. जे. व्ही. नाईक यांच्या संशोधनामुळे या पत्रांचे महत्त्व अभ्यासकांसमोर आले. दादाभाई नौरोजींच्या नावाशी निगडित असलेल्या संपत्ती-निःसारणाच्या सिद्धान्ताची चाहूल दादाभाईंच्या आधीच मराठी तरुणांच्या लेखनात लागते, हे त्यावरून दिसते.

इंग्रजीतून मिळालेले अर्थविषयक ज्ञान मराठीत आणण्याचे प्रयत्नही याच काळात सुरू झाले. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ मध्ये हिंदुस्थानच्या प्राचीन व तत्कालीन स्थितीचा विचार करणारे पुस्तक मराठीत लिहिले. लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' प्रसिद्ध केले, तर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचे 'अर्थशास्त्रपरिभाषा' १८५५ मध्ये आले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि कँडीच्या सहभागाने तयार झालेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये उपलब्ध झाला होता. ही कालानुक्रमणा पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची; म्हणजे मराठीतील अर्थशास्त्रीय परिभाषेची घडण विद्यापीठापूर्वीच सुरू झाली होती. परभाषेतील शब्द शिकणे आणि स्वभाषेत त्याला पर्याय घडविणे ही या पिढीच्या दृष्टीने एकाच अध्ययनाची दोन अंगे होती.

पुढील दशकात या शब्दांचा अनुभव ग्रंथांबाहेरही आला. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले व प्राप्तिकर लागू झाला. १८६१ च्या कायद्याने कागदी चलन सरकारच्या हाती आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला, शेअरचा सट्टा फोफावला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो कोसळला. 'शेअर' शब्दाचा अर्थ मुंबईने कोशाबाहेर, बऱ्याच मोठ्या किमतीस शिकला.

महात्मा फुले यांचा प्रश्न

या साऱ्या शिक्षणाचा खर्च कोणाच्या नावे पडला होता ? १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी हा प्रश्न थेट उपस्थित केला. सरकारी तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून भरतो आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गास मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे निवेदन इंग्रजीत आहे, ही बाब अर्थपूर्ण आहे. ज्या भाषेच्या शिक्षणाचा हिशेब मागावयाचा तीच भाषा त्यांनी हिशेब मागण्यासाठी वापरली. प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन, इतिहास, भूगोल, व्याकरण व शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्याबरोबर हिशेबाचाही समावेश असावा, असे त्यांनी सुचविले. खत वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यास सावकार व कुळकर्णी कसे नाडतात, याचे चित्रण त्यांच्या लेखनात वारंवार येते. त्यांच्या दृष्टीने व्याकरण व हिशेब ही आत्मसंरक्षणाची साधने होती.

भास्कर पांडुरंग यांचा आरोप परकीय सत्तेवर होता. फुले यांनी त्याच हिशेबाची वही स्वकीय समाजव्यवस्थेपुढेही उघडली. या दोन हिशेबांपैकी एकच मांडणे सोयीचे असते. इतिहासाच्या अभ्यासकास दोन्ही मांडावे लागतात.

शिक्षक आणि अंदाजपत्रक

या परंपरेचा पुढील टप्पा शिक्षकांनी गाठला, हे आपणा अध्यापकांच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. या शाळेत व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे विविध विषय शिकविले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सरकारी अहवाल व आकडेवारी वाचण्याची शिस्त अंगी बाणविली. सरकारी शाळेत मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी हे आकडेशास्त्रातील त्यांचे मोठे साहाय्यक होते.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीबद्दल समाधान व्यक्त करीत होते. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळांतून गेलेल्या देशाच्या तिजोरीत शिल्लक उरते याचा अर्थ, लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात आहे, असा गोखल्यांचा निष्कर्ष होता. विलायतेतील खर्च भागविण्यासाठी रुपयांचे पौंड करावे लागत. रुपयाचा भाव १८९४–९५ मध्ये सुमारे तेरा पेन्सपर्यंत उतरला होता. तो सोळा पेन्सवर स्थिरावल्यावर सरकारचा खर्च घटला, परंतु भाव उतरलेला असताना वाढविलेले कर मात्र कायम राहिले. 'सरप्लस' या सुखद शब्दाचा अर्थ त्यांनी असा उलगडून दाखविला. गोखले व अन्य सदस्यांनी सातत्याने मागणी केलेल्या मिठावरील कराच्या कपातीस पुढे यश आले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३, १९०५ व १९०७ मध्ये टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. शब्दार्थाचा काटेकोर विचार गरिबाच्या मिठापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण होय.

या परंपरेतील सर्वांत परिणत विवेचन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. ज्या समाजास शाळेचे दारच बंद होते त्या समाजातून आलेल्या या विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे आर्थिक साहाय्य लाभले. कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व वित्तव्यवहारावर प्रबंध लिहिला; १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. विनिमयाच्या दराची स्थिरता म्हणजे रुपयाच्या क्रयशक्तीची स्थिरता नव्हे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. दर स्थिर राहूनही गरिबाच्या हातातील रुपया कमी धान्य आणू शकतो. 'स्थिर' या विशेषणाचे विशेष्य कोणते, हा व्याकरणाचा वाटणारा प्रश्न येथे अर्थनीतीचा प्रश्न झाला. भास्कर पांडुरंग आणि फुले यांचे दोन स्वतंत्र हिशेब बाबासाहेबांच्या एकूण कार्यात एकत्र आले, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाच्या प्रसारामागे आर्थिक प्रेरणा प्रबळ होती; ती लपविण्याचे वा तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

२) अर्थविषयक इंग्रजी शब्दसंपदा ही चाकरीचे साधन म्हणून आली, परंतु काही अभ्यासकांच्या हाती ती सत्तेच्या चिकित्सेचे साधन बनली.

३) हे परिवर्तन केवळ शब्द पाठ केल्याने घडले नाही. शब्दामागील व्यवहार समजून घेणे, आकडेवारी वाचणे आणि त्याच संकल्पना मराठीत मांडणे या तिन्हींची जोड त्यास होती.

४) या शिक्षणाचा लाभ दीर्घकाळ मर्यादित वर्गापुरता राहिला, त्याचा खर्च मात्र सर्वांनी सोसला.

आज महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापन 'व्यवहारोपयोगी' असावे, असा आग्रह धरला जातो आणि बँकेचा अर्ज, धनादेश, मुलाखत हे घटक अभ्यासक्रमात येतात. ते आवश्यकच आहेत. परंतु कर्जाचा अर्ज भरता येणे आणि कर्जाच्या करारातील बारीक अक्षरांतील अटी वाचून प्रश्न विचारता येणे, या दोन भिन्न क्षमता आहेत. आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी असा करार सहीसाठी आलेला असतो, आणि तो वाचू शकणारा घरातील पहिला माणूस पुष्कळदा तोच विद्यार्थी असतो. पहिली क्षमता त्याला नोकरीपर्यंत नेईल. दुसरी आपण त्याला देतो किंवा नाही, याचा हिशेब मात्र आपल्या नावे राहील.