महिला जिल्हा अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा
जिल्ह्यातील क्रीडा मंडळांच्या महिला संघांमधील स्पर्धा. तिच्यातून निवडलेला आदिलाबादचा जिल्हा संघ तेलंगणाच्या, तर शेजारच्या नांदेडचा महाराष्ट्राच्या राज्य स्पर्धेत उतरतो. अजिंक्यपद मंडळाला मिळते. पण स्पर्धेचे मोल निवडीत आहे. काल एकमेकींची पकड केलेल्या मुली उद्या एकाच जिल्हा संघातून खेळतात. मैदान १२ × ८ मीटर, प्रत्येक बाजूस सात खेळाडू. सर्वांत देखणा क्षण बोनस रेषेवरचा: समोर सहा किंवा सात बचावपटू, चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा हवेत आणि तोंडी ‘कबड्डी’चा अखंड घोष. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कोलकात्यात झाली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीचा प्रथमच समावेश झाला. सुवर्णपदक भारताने जिंकले.