गरी : राजाच्या ग्रंथातली आणि खारुनच्या काठावरची

मागील वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या नातवाने दूरध्वनीवरून एक चमत्कारिक प्रश्न विचारला, "आजोबा, स्टीलहेड मासा धरण्यासाठी काठी घ्यायची आहे. कशी घेऊ?" ज्या घरात तीन पिढ्या कोणी गळाला हात लावला नाही, तेथे हा प्रश्न यावा याचे प्रथम हसूच आले. मग मनात आले, आपल्या इतिहासात याला काहीच उत्तर नसेल काय? त्या शोधात जे हाती लागले, ते सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

उत्तर मिळाले ते थेट बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) याने 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या काळी आपल्या या दक्षिण कोसलावर रतनपूरच्या कलचुरींची सत्ता होती. ग्रंथाच्या पाच विंशती, प्रत्येकीत वीस प्रकरणे. चौथ्या विंशतीत राजाचे वीस विनोद, म्हणजे करमणुकीचे प्रकार, वर्णिले असून त्यांत 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, त्याला काय खाऊ घालावे, काठी, दोरी, गळ आणि आमिष कसे असावे, याचा त्यात विचार केलेला आहे. गळाच्या मासेमारीवरील इंग्रजीतील प्रसिद्ध जुना प्रबंध छापला गेला १४९६ साली; हा ग्रंथ त्याच्याही साडेतीन शतके आधीचा होय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत तो श्रीगोंदेकरांनी संपादिला आणि १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

मराठी माणसास या ग्रंथाचे अगत्य वाटावे असे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथातली. त्याच्याच गीतविनोदात विष्णूच्या अवतारांची स्तुती करणाऱ्या जुन्या मराठीतील पंक्ती आढळतात आणि त्यांत मत्स्यावतारही आहे. मराठी पद्याचा हा अत्यंत जुना नमुना आणि मासा धरण्याचे हे शास्त्र एकाच विंशतीत शेजारी नांदत आहेत, हा योग मोठा हृद्य वाटतो.

आता काठीविषयी. उत्तम काठीचे मर्म तिच्या निमुळतेपणात असते. बुडखा भक्कम व शेंडा लवचिक हवा. स्टीलहेड जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो. असा बलवान मासा उसळी घेतो तेव्हा शेंडा वाकून तो झटका पचवितो, म्हणून बारीक दोरी तुटत नाही. काठी लांब असली म्हणजे दोरी प्रवाहावर उचलून धरता येते. बांबूची ताकद त्याच्या बाहेरच्या सालीतील तंतूंत असते. हे ओळखून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागिरांनी बांबू चिरून त्याच्या पट्ट्या जोडल्या व काठ्या घडविल्या. त्यासाठी प्रथम जो बांबू वापरला जाई त्याचे नाव 'कलकत्ता' होते, कारण तो हिंदुस्थानातून जाई. हा बांबू म्हणजे बहुधा आपल्याही अरण्यांत वाढणारा भरीव जातीचा. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने, मग काचतंतूने आणि १९७० नंतर कार्बनतंतूने त्याची जागा घेतली. नातवाच्या हाती येणारी काठी या वंशावळीतील शेवटची.

स्टीलहेडच्या तोडीचा आपला मासा महसीर. हेन्री सुलिव्हन टॉमस याने १८७३ च्या 'द रॉड इन इंडिया' या पुस्तकात महसीरला सामनच्या वर स्थान दिले. पुण्याजवळील मुळामुठेच्या महसीरचे वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ साली प्रसिद्ध केले आणि 'खुद्री' हे स्थानिक नावच त्यास दिले. आपल्या महानदीच्या नावानेही एका महसीरचे शास्त्रीय नामकरण १९५३ साली झाले. पुढे चारच वर्षांनी हिराकूड धरण पुरे झाले. अंडी घालण्यास वर चढणाऱ्या माशाच्या वाटेवर भिंत उभी राहिली की केवळ काठी चांगली असून काय उपयोग?

एवढे वाचून झाल्यावर एका सायंकाळी महादेव घाटावर गेलो. खारुनच्या काठी एक वृद्ध केवट बसले होते. हातात साधी बांबूची काठी. त्यांना विचारले, "बाबा, हिला काय म्हणता?" ते म्हणाले, "गरी." मी चमकलो. कोकणातही गळाला गरीच म्हणतात आणि मासे धरण्यास गरवणे! बांबू पावसाळ्यात तोडू नये, त्यास कीड लागते. थंडीत तोडावा, विस्तवावर शेकून सरळ करावा, शेंडा जमिनीवर टेकवून वाक पाहावा, असे त्यांनी समजावून सांगितले. मुलांना हे येते काय, असे विचारता ते केवळ हसले.

आपण येथला आपला इतिहास सांगताना बिंबाजी भोसल्यांपासून आरंभ करतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या नदीचे पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या प्यालो, तिच्या काठच्या माणसांपाशी काय विद्या आहे, हे आपण कधी विचारले नाही. सोमेश्वर राजा होता. मासे त्यास ताटात आयते मिळत. तरीही त्याने कोळ्याभोयांची ही विद्या ग्रंथात आणण्याजोगी मानली, म्हणूनच नऊशे वर्षांनी ती आपणांस वाचता येते. खारुनच्या विद्येला असा लेखक मिळालेला नाही. मंडळाच्या तरुणांनी एक वही घेऊन घाटावर बसावे, ही या प्रसंगी विनंती.

नातवास मी कळविले, "आधी नदी पाहा, मग मासा ओळख, काठी शेवटी घे. तेथील जुन्याजाणत्या माणसाजवळ बसून विचार. आणि तिला गरी म्हण. हा शब्द तुझ्या आजोळीही चालतो आणि रायपुरातही."